संस्थेची न लिहिलेली घटना



प्रत्येक संस्थेला एक घटना असते. उद्देश, सभासदांचे वर्ग, वर्गणी, गणपूर्ती, हिशेबतपासनिसाची नेमणूक असे सगळे तीत ओळीने दिलेले असते. ती छापलेली असते, तिची एक प्रत कचेरीतल्या कपाटात असते, आणि भांडण निघाल्यावाचून ती प्रत कोणी बाहेर काढीत नाही. आज आम्हांला तिच्याविषयी बोलावयाचे नाही. त्याच संस्थेला दुसरीही एक घटना असते. ती कोठे छापलेली नसते आणि सर्वसाधारण सभेने ती कधी मंजूर केलेली नसते. पण नवा आलेला कारकून ती आठ दिवसांत शिकतो. साहेब किती वाजता आले तरी चालतात, कोणाच्या कागदाला थांबवून ठेवायचे नसते, कोणती चूक हसण्यावारी जाते आणि कोणत्या चुकीने माणूस मनातून उतरतो, हे त्याला कोणी सांगत नाही. तो पाहतो, आणि तसा वागू लागतो. पहिली घटना संस्थेला नाव देते. संस्था प्रत्यक्षात चालते ती दुसरीवर, असे आमचे मत झाले आहे, आणि ते कसे झाले हेच आज सांगावयाचे आहे.

विषय पुण्यातला आहे आणि उदाहरणेही पुण्यातलीच घेणार आहोत. परंतु आरंभी थोडे सातासमुद्रांपलीकडे जाऊन यावे लागेल, कारण ह्या न लिहिलेल्या घटनेचे बारकाईने निरीक्षण झालेले एक प्रसिद्ध ठिकाण अमेरिकेत शिकागोजवळ आहे.

तेथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा मोठा कारखाना होता. टेलिफोनची यंत्रसामग्री तेथे तयार होई. १९३१ च्या नोव्हेंबरात कारखान्यातील चौदा कामगार एका वेगळ्या खोलीत बसविण्यात आले. नऊ जण तारा जोडणारे, तिघे डाख देणारे आणि दोघे तपासनीस. खोलीच्या एका बाजूस एक निरीक्षक बसला. त्याने कोणाला काही सांगावयाचे नव्हते, फक्त पाहावयाचे आणि टिपून ठेवावयाचे होते. मजुरी अशी ठरविलेली होती, की सगळ्यांनी मिळून जितके काम अधिक करावे तितका प्रत्येकाचा पैसा अधिक. व्यवस्थापकांचा हिशेब सरळ होता: माणसाला पैसा हवा असतो, तेव्हा माणसे काम वाढवतील.

माणसांनी काम वाढविले नाही. एका माणसाने दिवसाला दोन नग पुरे करावेत, एवढे काम पुरेसे आहे, असे त्या चौदा जणांत ठरून गेले होते. कोणी ठरविले, केव्हा ठरविले, ते कोणालाच सांगता आले नसते. एखादा त्याहून अधिक करू लागला की त्याला टोपणनावे ठेवीत. आणि तेवढ्याने तो ऐकला नाही तर शेजारचा उठून त्याच्या दंडावर एक ठोसा मारी. ठोसा खाणाऱ्याने रागवावयाचे नाही, असाही संकेत होता. अगदी कमी काम करणारादेखील त्यांना चालत नसे. तो दुसऱ्यांच्या जिवावर जगतो असे मानले जाई. वरिष्ठांकडे जाऊन सोबत्याची चुगली करणारा तर सर्वांत वाईट. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी भीती होती. मंदीचे दिवस होते. काम फार वाढले तर दर उतरवतील, नाहीतर आपल्यातल्याच चारदोघांना घरी बसवतील, असे त्यांना वाटे. १९३२ च्या मे महिन्यात काम नाही म्हणून ती खोली बंदच झाली.

ह्या प्रयोगाचा वृत्तान्त १९३९ साली पुस्तकरूपाने आला, आणि तेव्हापासून व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात तो शिकविला जातो. त्यातून पुष्कळ पंडितांनी पुष्कळ निष्कर्ष काढले आहेत. आम्हांस त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या खोलीत शिस्त नव्हती असे नाही. शिस्त कडक होती. फक्त ती कारखान्याची नव्हती, त्या चौदा जणांची होती. एकजूट, एकमेकांना सांभाळून घेणे, चुगली न करणे हे सगळे गुणच आहेत. आपण आपल्या मुलांना हेच शिकवितो. तेव्हा ‘आमच्या संस्थेतील मंडळींत फार एकोपा आहे’ असे कोणी अभिमानाने सांगितले की आमच्या मनात प्रश्न येतो: एकोपा आहे हे उत्तम, पण तो कशासाठी आहे?

आता पुण्यात येऊ. डेक्कन जिमखान्यापलीकडे टेकडीच्या पायथ्याशी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याची दगडी इमारत बाहेरून पाहिली असेल. १९१७ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेने १९१९ च्या १ एप्रिलला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, आणि ते १९६६ साली पुरे झाले. सत्तेचाळीस वर्षे! खंड एकोणीस आणि त्यांसाठी पाहिलेल्या हस्तलिखितांची संख्या १२५९. ती हस्तलिखिते शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतली. आरंभ करणारांतले कित्येक अखेरपर्यंत राहिले नाहीत. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ च्या जानेवारीत वारले, त्यांच्यामागून डॉ. बेलवलकर आले, त्यांच्यामागून डॉ. प. ल. वैद्य. वेगवेगळ्या पर्वांचे संपादक तर दूरदूरचे. विराटपर्व रघुवीरांनी केले, उद्योगपर्व सुशीलकुमार डे ह्यांनी, आणि सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन ह्यांनी.

इतकी माणसे, इतकी वर्षे, आणि तरीही पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत काम एका पद्धतीचे कसे उतरले? नियम होते, आणि सुखटणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ते फार काळजीने मांडले आहेत. पण नियम वाचून कोणी तसा वागतोच असे नाही. नियमाच्या मागे एक वृत्ती होती, ती आम्ही आमच्या शब्दांत अशी सांगू: पोथ्या जे सांगतील ते मान्य करावयाचे, आपल्याला काय आवडते ते विचारावयाचे नाही.

हे बोलावयाला सोपे आहे. करावयाला किती कठीण, ते पाहा. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. पुण्यासारख्या गणपतीच्या गावात ती ठाऊक नसलेले मूल सापडावयाचे नाही. पोथ्यांचा पुरावा पाहता ती मूळ संहितेतली ठरेना. पुण्यातल्या संपादकाने ती पुण्यात छापलेल्या ग्रंथाच्या संहितेतून काढून परिशिष्टात टाकली! सभापर्वात द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या प्रसंगी ती श्रीकृष्णाचा धावा करते, हा तर कीर्तनकारांचा हुकमी प्रसंग; त्या ठिकाणी श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी यावयाचेच. एजर्टनसाहेबांनी सिद्ध केलेल्या संहितेत तो धावा नाही. वस्त्रे निघत राहतात, पण ती कोण पुरवितो ते तेथे सांगितलेले नाही. लोकांना हे रुचणार नाही, हे काय त्या मंडळींना कळत नव्हते? ती सगळी ह्याच कथांवर वाढलेली माणसे होती.

आणखी दोन गोष्टी त्या खंडांत पाहण्यासारख्या आहेत. काढून टाकलेली एकही ओळ फेकून दिलेली नाही. तळटिपांत किंवा परिशिष्टांत ती जपून ठेवलेली आहे, म्हणजे पुढे कोणाला आमचा निर्णय चुकीचा वाटला तर त्याने तो तपासावा. दुसरी गोष्ट आम्हांला सर्वांत अधिक आवडते. संहितेतील ज्या शब्दांविषयी संपादकांची खात्री नाही, त्यांच्याखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. ह्या जागी आमचे मन साशंक आहे, असे ती रेघ सांगते. आपला संशय असा उघड छापून प्रसिद्ध करणारी संस्था किती सापडतील? वार्षिक अहवालांत आम्हांला अजून कोठे नागमोडी रेघ दिसलेली नाही.

एखाद्या संस्थेचे मूल्य काय, हे तिच्या बोधवाक्यावरून कळत नाही. बोधवाक्ये संस्कृतात असतात आणि सगळीच चांगली असतात. ते कळते अशा नागमोडी रेघेवरून. म्हणजे रोजच्या कामात, कोणी पाहत नसताना, त्या संस्थेतला मनुष्य कोणती सवय मोडीत नाही ह्यावरून. पन्नास हातांत तीच सवय आली म्हणजे मूळ पुरुष गेला तरी काम थांबत नाही. सुखटणकर गेले तेव्हा काम अर्ध्यावरही आलेले नव्हते.

येथवरचे चित्र सोपे आहे. एका ठिकाणी संकेताने संस्थेच्या हेतूला आडवा बांध घातला, दुसऱ्या ठिकाणी संकेताने हेतू पार नेला. पण आमच्या विषयातली खरी अडचण ह्याहून निराळी आहे. एकाच मूल्यावर सगळ्यांची मनापासून श्रद्धा आहे, कोणी लबाड नाही, कोणी आळशी नाही, आणि तरी संस्था फुटते. असे का होते? त्यासाठी आपल्या गावातल्याच एका जुन्या, दुखऱ्या प्रकरणाकडे जावे लागेल.

१८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक ह्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. नामजोशी लवकरच मिळाले, एम. ए. होऊन गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले. वामन शिवराम आपटे आले. १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर ह्यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. हे सगळे आपल्याला पाठ आहे, म्हणून भरभर सांगितले.

ह्या मंडळींना बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती. सरकारी नोकरीत गेले असते तर मोठे पगार मिळाले असते अशी ही माणसे. आपण मोठ्या पगाराच्या नोकरीवर आशा ठेवू नये, असे आगरकरांनी आईला लिहिलेल्या पत्राची गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. संस्थेचे आजीव सभासद महिना पंचाहत्तर रुपये घेत आणि वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देत. स्वार्थत्याग हा त्यांचा शब्द. शिक्षक कसा असावा, शाळा कोणी चालवावी, ह्याविषयी महाराष्ट्राची कल्पनाच त्या शब्दाने बदलली.

आणि त्याच शब्दावरून भांडण झाले.

टिळक-आगरकरांचा मतभेद सुधारणेवरून झाला, असे आपण समजतो. तो होताच, १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, त्याचे कारण तेच. पण सोसायटीतली फूट निराळ्या प्रश्नावर पडली. पंचाहत्तर रुपये घ्यावयाचे हे सर्वांना मान्य होते. ते पुरत नसतील तर? वाढवून घ्यावे काय? आणि शाळेची वेळ संपल्यावर उरलेला वेळ कोणाचा? त्या वेळात पुस्तक लिहिले, वर्तमानपत्र चालविले, दुसऱ्या संस्थेची चिटणिशी केली आणि त्यातून चार पैसे मिळाले तर ते कोणाचे?

टिळकांचे म्हणणे असे, की आपण जेझुइट धर्मोपदेशकांच्या पद्धतीने ह्या कामात पडलो आहोत. पोटापुरते घ्यावयाचे, आणि आपला सगळा वेळ, सगळी शक्ती, वरची सगळी मिळकत संस्थेची. तसे नसेल तर आपण आजीव सभासद कसले? स्वस्तात मिळालेले नोकर झालो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की संस्थेने आमच्याकडून जे काम मागितले ते आम्ही चोख करतो. बायकामुले आहेत, संसार आहे. उरलेल्या वेळात आम्ही काही सार्वजनिक काम केले तर त्याने संस्थेचे काय बिघडते? वर्तमानपत्रे तर आरंभापासून ह्याच मंडळींच्या हातची होती. खटके बरेच दिवस उडत होते. १८९० साली तरुण गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, आणि टिळकांनी हरकत घेतली: रोजचे इतके तास बाहेर गेले तर कॉलेजला काय उरले? त्याच वर्षाच्या डिसेंबरात टिळकांनी भलेमोठे पत्र लिहून राजीनामा दिला. आपल्या हाताने उभी केलेली संस्था सोडताना त्यांना किती दुःख झाले, ते त्या पत्रात पानोपानी दिसते.

ह्यात बरोबर कोण? ह्या प्रश्नावर पुण्यात अजूनही दोन तट पडतील, आणि व्याख्यान संपल्यावर दारात आम्हांला गाठणारे श्रोते दोन्ही तटांतले असतील. आमचे मत सांगून टाकतो. तर्क टिळकांचा निर्दोष वाटतो. फळ मात्र दुसऱ्या बाजूच्या वाटेला चांगले आले. का ते सांगतो.

टिळक गेल्यावर गणित शिकविण्यास माणूस हवा होता. गोखल्यांनी मुंबईहून आपल्या एका मित्राला बोलावून घेतले. १८९१ साली आलेले ते गृहस्थ म्हणजे धोंडो केशव कर्वे. कर्व्यांनी १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकविले. आणि त्याच वर्षांत, कॉलेजची वेळ संपल्यावर, त्यांनी काय केले? १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्यास नेला. शहरापासून हिंगण्याची वाट चिखल तुडवीत पायी चालले. सुट्ट्यांत गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. उरलेला वेळ संस्थेचाच, हा नियम तंतोतंत पाळला गेला असता तर हिंगण्याचे काय झाले असते? जी खुर्ची टिळकांनी ह्या तत्त्वासाठी सोडली तीवर असा मनुष्य येऊन बसला, की ज्याचे आयुष्याचे मोठे काम त्या तत्त्वात बसलेच नसते.

परंतु लगेच दुसरी बाजूही पाहावी लागते. वेळेची सूट मिळाली म्हणून पैशाची सूट झाली नाही. टिळक गेले, पंचाहत्तर रुपये राहिले. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गणितात पहिले आले. सीनियर रँग्लर झालेला हा पहिला हिंदी मनुष्य. सरकारी शिक्षणखात्याने त्यांना केव्हाही उचलले असते. जाण्यापूर्वी त्यांनी सोसायटीला शब्द दिला होता. ते परत आले, तो शब्द पाळला, त्याच तुटपुंज्या वेतनावर १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि पुढे पुष्कळ वर्षे त्या जागी राहिले. त्यांना कोणी बांधून ठेवले होते? करारपत्राने मनुष्य कोर्टात बांधला जातो. केंब्रिजहून पुण्यास परत येत नाही. आपल्या आधीच्या माणसांनी असे केले, आता आपली पाळी, एवढेच त्याच्या मागे होते. आणि ही जी ओढ निर्माण झाली होती, तिच्यात टिळकांच्या त्या हट्टाचा वाटा आगरकरांच्या दारिद्र्याइतकाच होता, असे आम्हांस वाटते. कोणीतरी दोर इतका ताणून धरला होता, म्हणून तो पुढे फारसा सैल पडू शकला नाही.

ह्या प्रकरणाचा शेवटचा भाग आम्हांला सर्वांत विलक्षण वाटतो. ज्या गोखल्यांच्या चिटणिशीवरून ठिणगी पडली, ते १९०२ साली सोसायटीतून निवृत्त झाले आणि १९०५ च्या जून महिन्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्या समाजात येणाऱ्या सभासदाने सात प्रतिज्ञा घ्यावयाच्या होत्या. त्यांतील एक अशी, की समाज माझ्या व माझ्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी तरतूद करील तीत मी समाधान मानीन, आणि स्वतःसाठी पैसा मिळविण्यात माझ्या शक्तीचा कोणताही भाग खर्च करणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी टिळक जे मागत होते ते ह्याहून फार वेगळे होते काय? गोखल्यांनी ते मान्य केले असे कोठे म्हटले नाही, आणि टिळकांनीही त्यांना तसे विचारले नसावे. तोवर दोघांची तोंडे दोन दिशांना झाली होती. पण पहिल्या संस्थेत जे गृहीत धरले होते ते दुसऱ्या संस्थेत गोखल्यांनी दाराशीच, शब्दांत मांडून, सभासदाकडून वदवून घेतले. १८९० चा धडा ते विसरले नव्हते, असे आम्ही समजतो. ‘स्वार्थत्याग’ हा एक शब्द दहा जणांनी उच्चारला म्हणजे दहा जणांच्या मनात एकच गोष्ट असते, असे नाही. सुखाच्या दिवसांत हे कळून येत नाही. पंचाहत्तर रुपये पुरेनासे झाले म्हणजे कळते.

मग सगळ्याच गोष्टी लिहून काढाव्या, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे, की लिहून काढता येतात त्या मोठ्या गोष्टी. संस्था बिघडते ती बहुधा इतक्या लहान गोष्टींपासून, की त्यांचा ठराव मांडायलाही माणसाला लाज वाटावी. ह्याचे उदाहरण थोरामोठ्यांचे देता येत नाही, म्हणून आमचे स्वतःचे देतो.

काही वर्षे आम्ही एका पतपेढीच्या संचालक मंडळावर होतो. पतपेढी कोणती, गाव कोणते, ते सांगत नाही. कोणाचे नाव घ्यावे असे त्यात काही नाही. आम्ही प्रथम गेलो तेव्हा अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक होते. महिन्याच्या बैठकीत चहा येई. चहा आला की अध्यक्ष खिशातून आपल्या चहाचे पैसे काढून टेबलावरच्या काचेच्या पेल्यात टाकीत. ते कोणाकडे पाहत नसत, काही बोलत नसत. मग आम्ही सगळेच टाकीत असू. पतपेढीच्या नियमांत चहाविषयी अक्षर नव्हते. त्याच अध्यक्षांच्या काळात एका संचालकाच्या भावाचा कर्जाचा अर्ज एक जामीनदार कमी म्हणून परत गेला होता, आणि त्या संचालकाला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

ते अध्यक्ष वयोमानाने निवृत्त झाले. नवे आले तेही प्रामाणिक, मनमिळाऊ, माणसे जोडणारे. दोन-तीन महिने पेला टेबलावर होता. मग एकदा कोणाकडे सुटे नव्हते, तेव्हा ‘राहू द्या हो, पेढीच्या खात्यावर घाला’ असे कोणी म्हटले. पुढच्या महिन्यात चहाबरोबर बटाटेवडे आले. पेला कपाटात गेला. आम्ही हिशेब केला तर रक्कम हास्यास्पद होती. त्याविषयी बोलणे म्हणजे कोत्या मनाचे दिसावे. वर्षाअखेरीस अभ्यासदौरा निघाला, आणि दौऱ्यात अभ्यासाच्या जागा फार थोड्या होत्या. मंडळातला एकोपा मात्र पूर्वी कधी नव्हता इतका वाढला. एकमेकांच्या घरच्या लग्नामुंजींना सगळे जात. आणि मग एका बैठकीत एका संचालकाच्या मेहुण्याचा कर्जाचा अर्ज आला. रक्कम मोठी होती. जामीनदारांच्या सह्या झालेल्या नव्हत्या. त्या दोन दिवसांत होतील, असे सांगण्यात आले. ‘आपलाच माणूस आहे’ असे कोणी म्हणाले. सचिवाने आमच्याकडे पाहिले. तो जुना मनुष्य होता, जुन्या अध्यक्षांच्या हाताखाली तयार झालेला. त्याने आमच्याकडेच का पाहिले, ते आम्हांला त्या क्षणी कळले होते. जुन्या मंडळातले आता त्या टेबलाशी आम्हीच काय ते उरलो होतो.

आम्ही काही बोललो नाही. बोललो असतो तर कोणी दंडावर ठोसा मारला नसता. कोणी रागावलेही नसते, फक्त क्षणभर सगळे गप्प झाले असते. तेवढे नको वाटले. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले आहे आणि खाली आमची सही आहे. त्या कर्जाची वसुली पुढे झाली नाही. ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांत एक-दोन घरे आमच्या ओळखीची होती. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते. पुढच्या निवडणुकीस आम्ही उभे राहिलो नाही. आम्ही तत्त्वासाठी बाहेर पडलो, असे काही स्नेही समजतात आणि चारचौघांत तसे सांगतातही. ते खरे नाही. त्या खोलीत पुन्हा जाऊन बसण्याची लाज वाटत होती, एवढेच.